उशिरा येणाऱ्यांचे सर

आमच्या शाळेत एका शिक्षकानं भर परिपाठात एका पोराची माफी मागितली आणि त्या दिवसापासून माझी झोप उडाली.

झालं असं होतं, की आदल्या दिवशी बाजूच्या वर्गातल्या सरांनी नववीतल्या किरणच्या पाठीत एक धपाटा घातला होता. पोरगं फळ्याकडं पाठ करून मोबाईलवर गेम खेळत होतं. धपाटा घालण्यासारखंच होतं ते. मी असतो तर दोन घातले असते. दुसऱ्या दिवशी राष्ट्रगीत झालं, प्रतिज्ञा झाली, पोरं रांगेनं वर्गाकडं वळणार तेवढ्यात सर पुढं झाले आणि त्यांनी माईक हातात घेतला.

“काल मी एका मुलावर हात उचलला. चाळीस जणांच्या देखत मारलं. माझं चुकलं. देखत मारलं म्हणून देखतच माफी मागतो. किरण, बाळा, माफ कर मला.”

किरणचं तोंड लालबुंद झालेलं. तो बोलला, “असू द्या सर, लागलं नव्हतं.”

स्टाफरूममध्ये त्या दिवशी चहा कुणालाच गोड लागला नाही. मुख्याध्यापक म्हणाले, “ह्यांचं आपलं ठीक आहे हो, पण आता आमचं काय?” ते खरंच होतं. पुढच्याच आठवड्यात मी एका पोरावर ओरडलो, नको ते बोललो, आणि वर्ग माझ्याकडं बघत बसला. उद्धटपणा काही नव्हता त्या बघण्यात. पोरं नुसती वाट बघत होती. मी माफी मागितली नाही, वही काढायला सांगितली. पण त्या वाट बघण्याचं ओझं वर्षभर माझ्या मानेवर राहिलं, आणि ते ठेवलं होतं बाजूच्या वर्गातल्या माणसानं.

आम्ही दोघं गणिताचे. ‘अ’ तुकडी माझी, ‘ब’ तुकडी सरांची. मधे एकच भिंत, तीही अर्ध्या विटेची. शाळा चिकलठाण्याची, जालना रोडच्या आतल्या बाजूला. शेजारच्या विमानतळावर विमान उतरायला लागलं की दोन्ही वर्गांतलं शिकवणं एकदम थांबायचं. माझ्या वर्गात विमान जाईपर्यंत शांतता असायची. त्यांच्या वर्गातून मात्र हसण्याचा आवाज यायचा. विमान गेलं तरी तो चालूच.

सर ख्रिश्चन. छावणी भागातल्या चर्चच्या मागच्या गल्लीत घर. आजोबा मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर, वडील शिक्षक, आणि हे शिक्षक. उंच, किडकिडीत, खांद्यात जरा वाकलेले. उजव्या पायाच्या पँटला सायकलची क्लिप कायम लावलेली. सायकल चोरीला जाऊन कित्येक वर्षं झाली होती, सर सिटी बसनं यायचे, तरी क्लिप सुटली नव्हती. मी एकदा विचारलं तर खाली वाकून बघितलं आणि म्हणाले, “अरेच्चा, व्हय की.” दुसऱ्या दिवशी क्लिप होतीच. नाताळात घरच्या करंज्या आणि शंकरपाळ्यांचा डबा आणायचे आणि “आमची दिवाळी जरा उशिरा असते” असं सांगून प्रत्येकाच्या हातावर ठेवायचे. आवाज असा, की नुसतं “लसावि काढा” म्हणाले तरी भजनाची सुरुवात वाटावी.

त्यांच्या हजेरीची तर एक तऱ्हाच होती. हजेरीपट टेबलावर उघडा असायचा, पण त्यात ते बघायचे नाहीत. नाव घ्यायचे आणि त्या पोराच्या तोंडाकडं बघायचे. पोरानं “हजर” म्हटलं की मान हलवून पुढचं नाव. एखादं गैरहजर असलं की लगेच पुढं जायचे नाहीत, थोडं थांबायचे. ते थांबणं मला भिंतीपलीकडून कळायचं. मी माझी हजेरी उरकून, फळा पुसून, पहिलं उदाहरण घातलेलं असायचं आणि तिकडं अजून नावंच चाललेली असायची.

“सर, हजेरीत एवढा वेळ घालवता, पोर्शन कसा व्हायचा?” मी एकदा म्हणालो.

“न्हाई होत,” ते म्हणाले. “पण हजेरी ही माझी प्रार्थना हाय हो. वर्गात देवाचं नाव घ्यायचं नाही, ते बरोबरच हाय. मग पोरांची नावं घेतो. त्याला दोन्ही सारखंच ऐकू जातं, असा माझा हिशोब.”

माझा वर्ग वेळेवर सुरू होतो. उशिरा आलेलं पोरगं दाराबाहेर उभं राहतं, हा माझा नियम सगळ्यांना माहीत आहे, आणि त्यामुळं माझ्याकडं उशीर करणारी पोरं कमी. सरांच्या वर्गात उशिरा येणाऱ्याला मानाचं पान. दारात पोरगं दिसलं की ते हातातलं उदाहरण अर्धवट टाकायचे, फळा पुसायचे आणि म्हणायचे, “ये, ये. आत्ताच सुरू केलंय.” मग पहिल्यापासून सगळं. कधी कधी एका तासात त्यांचा वर्ग तीनदा सुरू व्हायचा.

“वेळेवर आलेल्यांवर हा अन्याय नाही का?” मी विचारलं.

“हाय ना. लई अन्याय हाय,” ते मनापासून म्हणाले. “पण त्यांना तो परवडतो, सर.”

मी वेळेवर येणाऱ्यांतला. फुलंब्रीहून सकाळची गाडी पकडून, दुसरी बस बदलून चिकलठाण्यात यायचं, आणि तरी घंटेच्या आधी शाळेच्या फाटकात हजर. लहानपणीही तसाच. आमच्या घरात शाळेत गेलेला मी पहिला. वडील मेंढरं राखायचे. पावसाळा संपला की मेंढरांचा वाडा घेऊन, बिऱ्हाडासकट निघायचे ते महिनोन् महिने यायचे नाहीत. मी मागं आत्याकडं राहून शिकलो, आणि एकही दिवस शाळा चुकवली नाही. त्यामुळं सरांचं ते बोलणं मला असं लागलं, की जणू माझ्या सगळ्या वक्तशीरपणाची त्यांनी हसत हसत घडी घातली आणि बाजूला ठेवून दिली.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे पोरं त्यांच्यावर जीव टाकायची. माझ्या तुकडीचा निकाल दरवर्षी त्यांच्यापेक्षा वर. माझी पोरं पॉलिटेक्निकला गेली, इंजिनीअर झाली. सरांची दोन-चार तर दरवर्षी गणितात गटांगळ्या खायची. पण शाळेच्या फाटकाशी एखादा मिशीवाला गडी मोटारसायकल लावून उभा दिसला, की तो त्यांच्याकडंच आलेला असायचा. “सर, गाडी घेतली.” “सर, पोरगी झाली.” एकदा एकजण मला वाकून नमस्कार करायला लागला. मी सुखावलो, त्याच्या डोक्यावर हात ठेवणार, तर तो मान वर करून विचारतो, “सर, बाजूचे सर कुठं असतील आत्ता?”

मनीषाची गोष्ट त्यांच्याच वर्गातली. नववीची मुलगी, अबोल, दुसऱ्या बाकावर बसणारी. तिचे वडील बांधकामावर गवंड्याच्या हाताखाली होते. परांचीवरून पाय घसरून पडले आणि कंबरेनं कायमचे बसले. सगळं घर उठून मामाकडं अजिंठ्याला गेलं. लेणी बघायला येणाऱ्या लोकांसाठी मामाचं दगड, मण्यांच्या माळा, मूर्ती असलं विकायचं दुकान होतं, मनीषाला तिथं बसवलं. अशी पोरं गळतात. आपण हळहळतो, हजेरीपटावर शेरा मारतो. मीही माझ्या तुकडीतल्या अशा पोरांच्या नावापुढं शेरे मारलेत.

सरांचं थांबणं मात्र संपेना. रोज हजेरीत मनीषाच्या नावापाशी ते थांबायचे. शेवटी चाचणी परीक्षेच्या दिवशी सकाळी माझ्या वर्गाच्या दारात आले.

“सर, माझी पोरं जरा तुमच्यात घेता का? मी येतो जाऊन.”

“कुठं जाऊन?”

“अजिंठ्याला.”

मला वाटलं थट्टा करतायत. तेवढ्यात ते दिसेनासे झाले. थोड्या वेळानं शिपाई चाचा पेपरचा गठ्ठा घेऊन आले आणि म्हणाले, “तुमारे बाजूवाले सर तो बस में बैठ के गये भी.”

त्या दिवशी एका खोलीत दोन तुकड्या कोंबून मी चाचणी घेतली. बाकावर चार-चार पोरं. ह्यानं त्याचं बघायचं, त्यानं ह्याचं. घसा बसला माझा. ‘ब’ तुकडीतली पोरं मधेच विचारायची, “सर, आमचे सर मनीषाला आणायला गेले ना?” त्यांच्या डोळ्यांत अशी चमक, की जणू सर लढाईवर गेलेत. आणि त्यांच्या पेपरवर पहारा देणारा मी, माझ्याकडं त्यांनी एकदाही नीट बघितलं नाही.

मनीषा त्या दिवशी आली नाही. सर एकटेच परत आले. पण मग दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की ते अजिंठ्याच्या गाडीत बसायला लागले. तिथं काय करायचे ते त्यांनीच मला सांगितलं. दुकानात जायचे, तिच्या शेजारी स्टूल ओढून बसायचे.

पहिल्या दिवशी ती म्हणाली होती, “सर, तुम्ही कशाला आलात? मी नाही येणार शाळेत.”

“नको येऊस की,” हे म्हणाले. “मीच येत जातो.”

आणि तिथंच वही उघडून बसले. गिऱ्हाईक आलं की ती माळा दाखवायची, गिऱ्हाईक गेलं की सर पुढचं समीकरण दाखवायचे. असे बरेच शनिवार गेले. शेवटी मामाच वैतागला. “मास्तर,” तो हात जोडून म्हणाला, “तुम्ही असं तोंडासमोर बसलात की गिऱ्हाईक बिचकतंय हो. त्यांना वाटतं, पोरीची परीक्षा चाललीय. घेऊन जा तिला. पण तुम्ही उठा.”

मनीषा परत आली. चिकलठाण्यातच मावशीकडं राहायला लागली. तिला वर्गात बघून त्या भिंतीपलीकडं जो गलका झाला, तो ऐकत मी माझ्या वर्गाला त्रिकोणाची एकरूपता शिकवत उभा होतो. माझा खडू तुटला.

दुपारी सरांनी डबा उघडला आणि मला सांगायला लागले, की त्यांच्या शास्त्रात एका धनगराची गोष्ट आहे. त्याची शंभर मेंढरं असतात. एक हरवतं, तर तो बाकीची सगळी रानात सोडून त्या एकाला शोधायला जातो. “लहानपणी वडलांनी सांगितली, तेव्हापासून दुसरं काही शिकवायला जमलंच नाही मला,” ते म्हणाले.

“माझे वडील धनगर आहेत,” मी म्हणालो. का म्हणालो कुणास ठाऊक. बहुतेक काहीतरी माझंही असावं म्हणून.

सरांचा घास हातातच राहिला. “खरे धनगर? मेंढरं राखलेले? सर, आयुष्यभर मी ही गोष्ट सांगतोय आणि मेंढरं राखलेला माणूस मी कधी जवळून बघितला नाही. मला भेटवा त्यांना.”

पुढच्याच शनिवारी ते माझ्याबरोबर फुलंब्रीला आले. आबा अंगणात बाजेवर बसलेले. गुडघे गेल्यापासून मेंढरं विकून टाकली होती, पण मुंडासं आणि काठी सुटली नव्हती. सरांनी चहाचीही वाट बघितली नाही. बाजेच्या कडेवर बसले आणि त्यांना ती गोष्ट सांगितली.

आबांनी सगळी ऐकून घेतली. मग म्हणाले, “तुमचा धनगर येडा हाय.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण सर असे हसले, की डोळ्यांतून पाणी आलं. “व्हय बाबा, येडाच हाय. म्हणून तर माझा जीव हाय त्याच्यावर.”

“एकापायी सगळी रानात सोडायची? लांडगं काय उपाशी मरत्यात व्हय?”

“मग तुम्ही काय केलं असतं?”

“बोंबललो असतो,” आबा म्हणाले, आणि ते दोघंही हसायला लागले. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभा होतो. माझ्या वडलांना असं खळाळून हसताना मी किती वर्षांनी बघत होतो, आणि ते मी हसवलेलं नव्हतं.

त्यानंतर आबांचा आणि सरांचा हा वाद कधी मिटलाच नाही. मनीषा परत आली होती, अजिंठ्याला जायचं आता काही कारण नव्हतं, तरी सर शनिवारी त्याच गाडीत बसायचे आणि फुलंब्रीला उतरायचे. मी तेव्हा शाळेत दहावीचे जादा तास घेत असायचो. घरी पोचायचो तेव्हा बाजेवर दोन रिकामे कप असायचे आणि बायको म्हणायची, “सर आत्ताच गेले. आबा आज जेवले बघा पोटभर.”

मग ती तक्रार आली. कुणी केली ते कधीच कळलं नाही. सर घरोघर फिरतात, मुलांना आपल्या धर्माकडं ओढतात, असं कुणीतरी संस्थेच्या कानावर घातलं होतं. संस्थेचे सचिव एका दुपारी शाळेत आले. मुख्याध्यापकांच्या खोलीत एकेका शिक्षकाला बोलावलं. माझी पाळी आली.

“तुमचा वर्ग त्यांच्या बाजूला. तुम्हाला सगळं ऐकू येत असणार. काय शिकवतात हे?”

खोटं कशाला बोलू, त्या क्षणी माझ्या मनानं सगळी वर्षं झपाझप धुंडाळली. काहीतरी सापडावं असं वाटत होतं. एखादं वाक्य, एखादी प्रार्थना. भिंतीला कान लावल्यासारखा मी इतकी वर्षं त्या माणसाला ऐकत आलो होतो, माझ्याइतकं त्याला कुणी ऐकलं नसेल. आणि त्यात काही म्हणजे काही सापडलं नाही.

“गणित शिकवतात,” मी म्हणालो. “एकच गणित तीन-तीनदा. आणि हसण्याचा आवाज येतो.”

“हसतात कशाला?”

“एखादं पोरगं फळ्यावर चुकतं तेव्हा हसतात. पण ते चुकलेलं पोरगंही हसत असतं.”

सचिवांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना हे उत्तर नको होतं आणि मलाही ते द्यायचं नव्हतं, पण खरं तेवढंच होतं.

मग सरांना आत बोलावलं, मला तिथंच बसायला सांगून. सचिवांनी सरळ विचारलं, “वर्गात तुम्ही तुमच्या देवाचं नाव घेता?”

साधं “नाही” म्हणाले असते तर विषय संपला असता. सरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला. “मोठ्यानं नाही घेत साहेब. पोरं दबतील. मनात घेतो. रोज सगळ्या पोरांसाठी मागतो त्याच्याकडं. तेवढं मला बंद करता यायचं नाही.”

“आणि घरोघर जाता ते?”

“पोरगं आलं नाही तर जातो. आलं तर कशाला जाऊ?”

सचिव बराच वेळ पेनाचं टोपण लावत आणि काढत बसले. माझ्या तळहाताला घाम सुटला होता, माझ्या नोकरीवर काही नसताना. ज्यांची नोकरी टांगलेली ते मात्र खुर्चीत असे बसले होते, जशी काही समोर सिटी बस यायचीय आणि ती येणार हे त्यांना माहीत आहे. असं निर्भय मला एक दिवस तरी व्हायचं होतं. कशाच्या जोरावर होतात माणसं अशी? त्यांच्याकडं जे होतं ते माझ्याकडं नव्हतं. मंदिरात मीही जातो, बिरोबाला नारळ मीही फोडतो. पण कुणी विचारलं असतं तर मी पहिल्यांदा “नाही” म्हणालो असतो.

तक्रारीत काही दम निघाला नाही. तरीपण जूनमध्ये वेळापत्रक लागलं तेव्हा सरांकडून दहावी काढून घेतली होती. त्यांना पाचवी दिली, आणि दहावी ‘ब’ मला. मुख्याध्यापकांनी माझं अभिनंदन केलं. इतकी वर्षं मला जे हवं होतं ते माझ्या पदरात पडलं होतं. मी त्या वर्गात पहिल्यांदा शिरलो तेव्हा सगळी पोरं उठून उभी राहिली, अगदी नीट, शिस्तीत. माझी हजेरी चटकन झाली.

मला वाटलं, सर आता तरी खचतील. ते कसले खचतात! मधल्या सुट्टीत मला गाठून म्हणाले, “सर, पाचवीत काय गंमत हाय तुम्हाला सांगू. अर्धा आणि पाव ह्यातलं मोठं कोण, हे पोराला पहिल्यांदा कळतं ना, तेव्हा त्याचं तोंड बघायचं. इतकी वर्षं मी ह्याला मुकलो हो!” शिक्षा म्हणून दिलेला वर्ग त्यांनी बक्षीस करून टाकला, आणि माझ्या हातातलं बक्षीस तिथल्या तिथं शिळं झालं.

मनीषा त्या वर्षी माझ्या हाताखाली दहावी झाली. चांगली पास झाली, गणितात तर वर्गात वरची. मी तिच्यावर मेहनत घेतली होती, जादा तासांना शेवटपर्यंत बसवून. निकालाच्या दिवशी ती पेढे घेऊन आली. माझ्या पाया पडली, पेढा दिला. “सर, तुमच्यामुळं,” म्हणाली, आणि ते तिनं खरंच मनापासून म्हटलं. तेवढ्यात व्हरांड्याच्या टोकाला क्लिप लावलेली पँट दिसली. मग पोरगी पळत सुटली. पेढ्यांचा बॉक्स हातातून निसटला, चार पेढे फरशीवर पडले, तिनं मागं वळून बघितलं नाही. सरांच्या पुढ्यात जाऊन ती नुसती उभी राहिली. मी पेढे वेचले.

पण खरा घाव पुढं होता.

आबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला म्हणून मी त्यांना शहरात डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं. तपासणाऱ्या मुलीनं भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावला. मी म्हणालो, “त्यांना वाचता येत नाही. चित्रांचा लावा.”

“अक्षरांचाच राहू दे,” आबा म्हणाले.

मला वाटलं त्यांना कळलं नाही. “आबा, ती अक्षरं आहेत.”

“दिसतंय मला. तेवढं दिसतंय.” आणि बोट वर करून, एकेका अक्षरावर थांबत, माझे आबा वाचायला लागले. “ग. म. भ. न.” खालची ओळ. “र. स. त. ल.” त्याच्या खालची धूसर होती, तिथं अडले. मुलीनं वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढचं भिंग घातलं. तिच्या दृष्टीनं विशेष काहीच घडलं नव्हतं.

मला नोकरी लागली तेव्हा पहिल्याच सुट्टीत मी आबांसाठी पाटी आणली होती. ते बसले, दोन-तीन अक्षरं गिरवली. मी म्हणालो, “असं नाही आबा, असं,” आणि त्यांचा हात धरून वळण दिलं. त्यांनी हात सोडवून घेतला. पाटी माळ्यावर गेली. “मेंढरं मोजता येत्यात, बास झालं,” म्हणाले. दोन-तीन वर्षांनी पुन्हा विषय काढला तर उठूनच गेले. तेव्हापासून मी नाद सोडला होता. सगळ्या गावाची पोरं मी शिकवली, आणि घरात अंगठा.

दवाखान्यातून आम्ही स्टँडवर आलो. आबा फलाटावर उभे राहून गाड्यांच्या पाट्या वाचायला लागले. “जा-ल-ना,” ते म्हणाले, आणि माझ्याकडं बघितलं. मग पुढची. “अ-जिं-ठा.” आमची गाडी लागली. तिच्या पाटीपुढं ते डोळे बारीक करून बराच वेळ उभे राहिले. “फु... लं...” आणि थांबले. “पुढचं जोडाक्षर हाय. मास्तरांनी अजून शिकवलं न्हाई.”

जालना वाचता येत होतं, अजिंठा येत होतं, स्वतःचं गाव तेवढं राहिलं होतं.

गाडीत बसल्यावर मी न राहवून विचारलं, “आबा, मी दोनदा शिकवायला बघितलं होतं. माझ्याकडून का नाही शिकलात?”

आबा खिडकीबाहेर बघत राहिले. सावंगीचा थांबा मागं गेला. मग म्हणाले, “तुझ्यापुढं चुकायची लाज वाटायची रं. तू माझा ल्योक. बापानं ल्योकापुढं चुकावं कसं? त्या मास्तरापुढं चुकलं तरी काय वाटत न्हाई. चुकलो की तो मलाच विचारतो, बाबा, लोकर कशी कातरायची दाखवा. मग मी दाखवितो आन् तो चुकतो. मग पुन्हा माझी पाळी.”

“कधीपासून चाललंय हे?”

“अजिंठ्याच्या पोरीच्या वक्तापासून. स्टँडवर दर येळी लोकाला विचारावं लागायचं, ही गाडी कुठली, ती कुठली. लई जिवावर यायचं. ते मी एकदा मास्तराला बोललो.”

मला ते कधीच बोलले नव्हते.

सोमवारी मी सरांना गाठलं. काय बोलणार होतो ते मला माहीत नव्हतं. आभार मानायचे होते, आणि त्यांची गचांडी धरावी असंही वाटत होतं. “सर, आबांना तुम्ही शिकवता, मला बोलला नाहीत.”

त्यांचा चेहरा पडला. “त्यांनीच शपथ घातली होती हो. म्हणाले, पोराला एकदम वाचून दाखवायचंय. तोवर बोलायचं नाही.” मग त्यांनी माझा हात धरला. “मला तुमचा लई हेवा वाटतो, सर. तुम्हाला एकदम वाचून दाखवायला ते शिकत होते. मला नुसतं शिकवायला मिळालं.”

मी हात सोडवून घेतला नाही. हेवासुद्धा त्या माणसाला असा उजळ माथ्यानं करता येत होता.

त्याच वर्षी ते निवृत्त झाले. निरोप समारंभाला फाटकापासून मैदानापर्यंत मोटारसायकली लागल्या होत्या. पाचवीची पोरं रडत होती. पुढच्या महिन्यात ते मुलीकडं पुण्याला राहायला गेले. जायच्या आदल्या शनिवारी फुलंब्रीला येऊन आबांना भेटून गेले. मी तेव्हाही शाळेतच होतो.

त्यानंतरचे काही शनिवार आबा दुपारी अंघोळ करून, मुंडासं बांधून बाजेवर बसायचे. कुणी येणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मी जादा तास दुसऱ्या शिक्षकाकडं दिले आणि शनिवारी लवकर घरी यायला लागलो. नुसता त्यांच्या शेजारी बसायचो. पाटीचं नाव काढलं नाही.

एका शनिवारी त्यांनीच उशीखालून उजळणीचं पुस्तक काढलं आणि माझ्याकडं न बघता पुढं सरकवलं. “जोडाक्षरं राहिल्यात,” म्हणाले.

मी पाटीवर ‘ब’ काढला, त्याच्या पायाला तिरपी रेघ दिली. आबांनी ते गिरवलं. रेघ उलटी गेली. माझ्या तोंडावर “असं नाही” आलं होतं. मी ओठ मिटून धरले. त्यांनी पुसलं, पुन्हा काढलं. पुन्हा उलटी. मग एकदा सुलटी आली. मी त्याच्यापुढं वेलांटी दिली, मागं दोन अक्षरं काढली, आणि पाटी त्यांच्यापुढं धरली.

“फु... लं...” आबा म्हणाले. बोट पुढं सरकलं. “ब... ब्री.” मग एका दमात, मोठ्यानं, “फुलंब्री!”

आणि त्यांनी मान वर केली. त्या आनंदात त्यांनी पहिल्यांदा बघितलं ते रस्त्याकडं, गाडी थांबते त्या बाजूला.

मी पाटी पुसली आणि पुढचा शब्द लिहायला घेतला.